गाडीला केलेला आहेर

सायखेड्याच्या तुमच्या काकाने पिकअप घेतली तेव्हा ती अगदी साधी गाडी होती. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, पांढरा रंग. महिन्याभरात ती ओळखू येईनाशी झाली. मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की काकाच्या गाडीवरचा तो पिंजरा कुठे गेला, तेव्हा मी "काढला" एवढंच सांगितलं. खरं तर तो काढण्यात आमचा अख्खा आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात तुमच्या काकूचं बरंच काही पणाला लागलं होतं. म्हणून नीट पहिल्यापासून लिहिते.

आधी नाती सांगते, कारण तुम्ही तिकडे सगळ्यांना 'अंकल' म्हणून मोकळे होता. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, हे तुमचे धाकटे आजोबा आणि धाकटी आजी. त्यांचा मुलगा हा काका, आणि त्याची बायको ही काकू. ते सगळे सायखेड्याला असतात, द्राक्षं आणि भाजीपाला करतात. आम्ही दोघं इकडे इंदिरानगरला.

आमच्या घराण्यात लग्नातला आहेर एखाद्या वेळी राहून जाईल, पण नव्या गाडीला आहेर करायचा राहत नाही. ट्रॅक्टर आला तेव्हाही हेच झालं होतं. गाडीची पूजा झाली, पेढे वाटून झाले की प्रत्येक जण गाडीभोवती एक फेरी मारतो आणि तिला काय कमी आहे ते बघतो. काकाच्या मामांना पुढचं नाक उघडं वाटलं, म्हणून त्यांनी मनगटाएवढ्या जाड नळीचा चकचकीत गार्ड बसवून दिला. आत्याने केबिनवर कॅरिअर आणि त्यावर चढायला शिडी दिली. धाकट्या आजोबांनी हौद्यात जाड लोखंडी पत्रा टाकून घेतला, द्राक्षांचे कॅरेट घासून तळ खराब होऊ नये म्हणून, आणि गाडी दबू नये म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये जादा कमानपाटे भरले. काकूच्या वडिलांचं निफाडच्या बाजूला वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी हौद्याला चारी बाजूंनी पुरुषभर उंच जाळी स्वतःच्या हाताने करून दिली, वर कमानी, आणि कमानीत लोखंडी वेलबुट्टी. तुम्ही म्हणता तो पिंजरा हाच. मी काय दिलं? अवजारांची मोठी लोखंडी पेटी, जॅकपासून पान्यांपर्यंत सगळं आत लावलेली. सगळ्यांत समंजस आहेर आपलाच, अशी माझी समजूत होती.

प्रत्येक वस्तूवर पेंटरकडून 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नातं लिहून घेतलेलं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर असतं ना, तसं. गाडी रस्त्याने जाताना लोक ती वाचायला मान वळवत.

आता काकूच्या खाण्याच्या गाड्याकडे येते. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून द्राक्षांच्या हंगामात बागेतल्या मजूर बायकांचं जेवण तिच्याकडेच. हुलग्याच्या शेंगोळ्या ती अशा करते की जेवणारा वाटीतला शेवटचा रस्सा पिऊन टाकतो. तुम्ही खाल्लेल्या नाहीत. हुलग्याच्या पिठाच्या, लसूण-मिरची घातलेल्या, बोटांएवढ्या वळ्या तिखट पाण्यात शिजवतात. तर इगतपुरीला हायवेच्या कडेला ज्याची रोपवाटिका आहे, अशा एका माणसाने आमच्या द्राक्षबागेत त्या खाल्ल्या आणि विचारलं, शनिवार-रविवार माझ्या आवारात गाडा लावाल का? मुंबईहून थंड हवेला येणारे लोक तिथे थांबतात, पण खायला काही नाही.

काकूने आपल्या दोन गाई वासरांसकट विकल्या आणि एका माणसाचा बंद पडलेला गाडा घेतला. पत्र्याचा, दोन चाकांचा, एक बाजू वर उचलली की दुकान तयार. गाडीमागे जोडून न्यायचा. तुमच्याकडे लोक गाडीमागे बोट बांधून तळ्यावर नेतात, तसाच प्रकार. आरटीओचे कागदही तिने स्वतः चकरा मारून करून घेतले. काकाने मागे जोडणीचा मजबूत सांगाडा बसवला. तोही अर्थात लोखंडीच.

पहिल्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मुंबईची गिऱ्हाइकं आली तर इंग्रजी बोलायला मोठी आई, म्हणजे मी, हवी, असं काकूचं म्हणणं. ते सायखेड्याहून सगळं भरून इंदिरानगरला आले तेव्हाच गाडीचं रूप मला बरं दिसलं नाही. मागचा भाग बसलेला, पुढचं नाक वर. हौद्यात पाण्याचा भरलेला मोठा ड्रम, पिठाची पोती, सिलिंडर, लोखंडी टेबलं, आणि या सगळ्यात खुर्ची टाकून, जाळीला धरून धाकटी आजी.

"बसा ताई," ती वरून म्हणाली, "तुम्ही आत बसा. मी हवा खाते."

काका, काकू आणि मी केबिनमध्ये. पाथर्डी फाटा सोडल्यावर गाडीने वेग धरला. थोड्या वेळाने काका म्हणाला की स्टिअरिंग हातात लागत नाही, पाण्यावर चालल्यासारखं वाटतंय. वाडीवऱ्हेच्या पुढे एका उतारावर समोर टेम्पो थांबला. काकाने ब्रेक दाबला. आमची गाडी थांबायला लागली, पण मागचा गाडा थांबेना. त्याने आम्हाला मागून ढकललं, मग एका बाजूला ओढलं, मग दुसऱ्या. मी डॅशबोर्ड धरून बसले. कशीबशी गाडी कडेला लागली. ब्रेकचा जळका वास केबिनभर पसरला होता. वर धाकटी आजी मोठ्याने रामरक्षा म्हणत होती, आणि मधल्या ओळी तिच्या सुटत होत्या.

तिथून पुढे आम्ही बैलगाडीच्या वेगाने गेलो. पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. चार लोकांनी चहा तेवढा घेतला. रोपवाटिकेचा मालक भला माणूस. रागावला नाही. काकूला म्हणाला, "ताई, शेंगोळ्या तुमच्या चांगल्याच आहेत. पण गिऱ्हाईक तुमच्यासाठी थांबत नाही. पुढच्या शनिवारी दहाच्या आत गाडा उघडा लागला तर जागा तुमची. नाहीतर वडापाववाला मागं लागलाय माझ्या."

परतताना काका म्हणाला की हे शेपूट विकून टाकू. गाडी द्राक्षांसाठी घेतलीय, ही ओढाताण करायला नाही. तो चिडून बोलत नव्हता. घाबरला होता. आई हौद्यात बसली होती, मोठी आई शेजारी बसली होती, आणि उतारावर गाडी त्याच्या हातात राहिली नव्हती. काकूने खिडकीबाहेर बघत फक्त "बघू" म्हटलं. ज्या बाईने आपली जनावरं विकून पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काही घेतलं, तिचा तो "बघू" माझ्या कानात राहिला.

घरी आल्यावर मी गाडीची पुस्तिका मागवून घेतली. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे सबंध घराण्याच्या इंग्रजी पुस्तिका शेवटी माझ्याकडे येतात. फ्रीजच्या, पंपाच्या, औषधांच्यासुद्धा. ही अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. दोन दुपारी बसून मी ती वाचली, आणि जे समजलं ते असं.

प्रत्येक गाडीला एक शेवटची मर्यादा असते. गाडी, तिच्यावर बसवलेलं सगळं, माणसं, माल, या सगळ्यांचं मिळून एकूण वजन एवढंच. चाकं, धुरा, ब्रेक त्या हिशोबाने केलेले असतात. काकाच्या गाडीच्या दारावरही नियमाप्रमाणे ते रंगवलेलं आहे: रिकामी सतराशे किलो, भरून तीन हजारांच्या थोडं आत. म्हणजे बाराशेच्या वर माल चालतो, असं काका धरून चालला होता. पण ते सतराशे हे कारखान्यातून निघालेल्या उघड्या गाडीचं वजन. नंतर तुम्ही जे जे बसवाल, ते त्या बाराशेतून वजा होतं. तीन हजार काही वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट मला अगदीच नवीन होती. मागे ओढलेला गाडा स्वतःच्या चाकांवर चालतो, म्हणून त्याचा भार आपल्यावर नाही, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. गाड्याचं नाक जिथे जोडलेलं असतं तिथे तो पिकअपच्या शेपटीवर टेकतो. तो टेकलेला भार पिकअपच्या मालातच धरायचा. शिवाय तो अगदी टोकाला असल्यामुळे मागची चाकं दाबतो आणि पुढची उचलतो. काकाचं स्टिअरिंग म्हणून तरंगत होतं.

मी काकाला फोन करून सांगितलं की गाडी रिकामी कर आणि भुईकाट्यावर ने, बाजार समितीबाहेर ट्रक मोजतात तिथे. तो म्हणाला, मोठी आई, रिकामी गाडी कोणी मोजतं का? लोक हसतील. तरी गेला. काट्यावर रिकामी गाडी एकवीसशेच्या वर भरली.

सायखेड्याला ओट्यावर सगळे जमले होते तेव्हा मी हे मांडलं. चारशे किलोंचा आपला आहेर आहे, म्हटलं. गाडी घराबाहेर पडते तेव्हाच चारशे किलो माल भरलेला असतो, तो कधी उतरत नाही आणि कधी विकला जात नाही. त्यावर नाकाचा भार, त्यावर पाण्याचा ड्रम, त्यावर आपण.

धाकट्या आजोबांना ते पटेना. "पण वहिनी, मी पाटे भरलेत ना जादा. गाडी दबत नाय."

मी म्हटलं, पाट्यांमुळे दबलेली दिसत नाही एवढंच. ब्रेक होते तेवढेच आहेत. आणि त्या शनिवारी तर पाटे असूनही दबली होती. तरुणपणी धाकट्या आजोबांनी बैलगाड्यांतून ऊस वाहिलाय. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे धुरजड झालीय. माल पुढं सरकला की गाडी बैलांच्या मानेवर बसती, तसं. गाड्याचं नाक बसलंय पिकअपच्या मानेवर." आणि मुलाकडे वळून, "सिलिंडर अन् शेगडी तू गाड्यात पार पुढं ठेवली व्हती. चाकावर आण ती. पण पार मागं नको ढकलू, मागनं जड होऊन उलाळ झाली तर अजून नाचंल."

हे त्यांनी आम्हाला शनिवारच्या आधी का नाही सांगितलं, असं धाकट्या आजीने विचारलं. ते म्हणाले, "मला इचारलं कोणी? मी बैलाचा माणूस."

म्हणजे माल कुठे ठेवायचा ते ठरलं. पाणी इगतपुरीलाच भरायचं हेही ठरलं. तरी चारशे किलो होतेच. आता काय काढायचं, हा प्रश्न आला आणि ओट्यावर अशी शांतता झाली की तुम्हाला वाटलं असतं कोणाच्या तरी सोयरिकीचं बोलणं फिसकटलंय.

मी माझी पेटी काढायला सांगितली. ती चाळीस किलोंच्या आसपास निघाली. धाकटी आजी म्हणाली, "ताईंनी सगळ्या गावाची गाडी दुरुस्त होईल एवढं भरून दिलंय." त्यातला जॅक, दोन पाने आणि चाकाखाली लावायची उटी तेवढी ठेवली. धाकटे आजोबा पत्रा काढायला तयार झाले, पण तो हौद्याला जागोजाग वेल्ड केलेला होता, आठवड्यात निघणार नव्हता. राहिले तिघं: मामा, आत्या आणि काकूचे वडील. धाकटी आजी म्हणाली की तिच्या भावाच्या गार्डला हात लावला तर तो दिवाळीला यायचा नाही. काका म्हणाला, आत्याचं कॅरिअर काढलं तर आत्या आईला बोलेल, मामाचा ठेवला आणि माझा काढला म्हणून. आणि काकूच्या वडिलांची जाळी काढावी, हे तर कोणी तोंडातूनच काढलं नाही. सगळ्यांत जड तीच होती, हे सगळ्यांना दिसत होतं. पण सुनेच्या माहेरची वस्तू आपण होऊन काढायची नसते, एवढी रीत आमच्याकडे आहे. ती रीत चांगलीच आहे. त्या संध्याकाळी मात्र ती आम्हाला नडली.

काका म्हणाला, "राहू दे. गाडाच विकू."

काकू आतून चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, फोन उचलला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, वडिलांना लावला. स्पीकर सुरू केला. कोणी मागाहून म्हणायला नको की आतल्या आत ठरवलं.

"बाबा, गाडीवरची आपली जाळी काढावी लागंल."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता. तो बंद झाला. वडिलांनी विचारलं की मोडली का.

"मोडली नाही. ओझं होतंय. तिच्यासकट माझा गाडा ओढला जात नाही. येत्या शनिवारी नाही पोहोचला तर जागा जाईल."

मी काकूकडे बघत होते. ती वेलबुट्टी वाकवायला त्यांना किती रात्री लागल्या असतील, ते तिला माहीत होतं. मग ते म्हणाले, "सासरच्या गाडीवर आपल्याकडचं काहीतरी दिसावं, म्हणून केली होती पोरी. आता मागं तुझाच गाडा लागलाय. तो दिसंल की. उद्या मीच येतो, तुम्ही काढू नका. बोल्ट गंजले असतील, पत्रा फाडाल."

काकूने फोन ठेवला आणि चहा वाटायला घेतला. धाकटी आजी उठली आणि तिच्या हातातून ट्रे घेतला. "बस तू," म्हणाली. माझ्या आठवणीत तरी तिने सुनेला असं बस म्हटलेलं ते पहिलंच.

दुसऱ्या दिवशी व्याही आले, पान्यांचा आपला संच घेऊन. दुपारपर्यंत जाळी खाली उतरली. ती आता विहिरीच्या कठड्यावर बसवली आहे, तिच्यावर कारल्याचा वेल सोडलाय. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने मुलीच्या माहेरची जाळी काढली म्हटल्यावर आत्याला फोन करणं काकाला सोपं गेलं. आत्याने आधी ऐकून घेतलं, मग म्हणाली की कॅरिअर माझ्या घरी आणून टाका, मी त्यावर गोवऱ्या वाळत घालीन. तिला वाईट वाटलं होतं, पण तिने ते हसण्यावारी नेलं. मामांचं मात्र जमलं नाही. त्यांनी धाकट्या आजीचा फोनच उचलला नाही. कोणीतरी त्यांच्या कानावर आधीच घातलं होतं. शेवटी गार्ड राहिला. सगळं काही नियमाने होत नाही, बाळांनो. गार्डच्या बदल्यात टेबलं खाली ठेवली आणि माणसं उतरवली.

माणसं म्हणजे आम्ही. हौद्यात बसून जायचं नाही हे काकाने बजावलं, आणि केबिनमध्ये तो आणि काकू दोघंच. धाकटी आजी रुसली. "चारशे किलो लोखंड चाललं वर्षभर, माझंच वजन नडलं का?" असं तिने मला बसस्टँडवर दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझंही नडलंय, चल. आम्ही दोघी एसटीने निघालो.

निघण्याआधी काकाने जोडलेली गाडी इंदिरानगरला आमच्या घरासमोर थांबवून मला दाखवली होती. तिचं नाक आता सपाट होतं. तरी तो म्हणाला की उतार येईपर्यंत काही सांगता येत नाही.

वाडीवऱ्हेच्या पुढचा तो उतार आला तेव्हा दोघींनी खिडकीतून कडेला बघितलं. तिथे कोणी थांबलेलं नव्हतं. पण पुढे घोटीजवळ गाड्यांची रांग लागली होती, आणि एसटी तिथे बराच वेळ अडकली. धाकट्या आजीने माझा हात धरला. पुढे अपघात झालाय का, असं तिने कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, रस्त्याचं काम आहे मावशी, रोजचंच. तिने हात सोडला नाही.

इगतपुरीला उतरलो तेव्हा धुकं होतं. रोपवाटिकेपर्यंत चालत जायचं होतं, आणि धुक्यात फाटकापलीकडचं काही दिसत नव्हतं. आधी आला तो वास. लसूण आणि तळलेली मिरची. धाकटी आजी थांबली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली की मिरची फार झोंबते हिची.

आवारात गाडा उघडा होता. त्याच्यासमोर सात-आठ माणसं, दोन लहान मुलं, आणि एका बाजूला वाटी तोंडाला लावलेला तो मालक. गाडी वाटेत हलली का ते काकाला विचारायचं माझ्या ओठांवर होतं, पण तो वाट्या धूत होता आणि शीळ घालत होता, त्यामुळे विचारलं नाही. मालकाने वाटी खाली ठेवली, काकूला एवढंच विचारलं की उद्या पीठ पुरेल ना, आणि झाडांना पाणी घालायला निघून गेला.

धाकटी आजी सरळ पुढे गेली, गाड्याच्या फळीवर हात ठेवला आणि सुनेला म्हणाली, "दे गं दोन वाट्या. ताई सकाळपासून उपाशी आहेत."

काकूने वर बघितलं. कपाळावर घाम, केसांवर धुकं. "देते आई," ती म्हणाली, "पण ही माणसं आधीपासून उभी आहेत. तेवढं मागं जाऊन रांगेत या."

आणि तुमची धाकटी आजी, जी आयुष्यात कधी कोणाच्या मागे उभी राहिली नाही, ती मुकाट्याने त्या दोन लहान मुलांच्या मागे जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.